वाकल्यावर हात जमिनीला टेकत नाहीत: स्नायू आखूड झालेत की नसा सोडत नाहीत?

चौथी_सीट

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. वय ४३, राहायला कांदिवली, ऑफिस लोअर परळ. रोज जाऊन-येऊन जवळजवळ तीन तास लोकलमध्ये, त्यातले बरेचसे उभ्याने, आणि मग आठ-नऊ तास खुर्चीत. खाली वाकलो की हात नडगीच्या मध्यावर अडकतात, तिथून पुढे मांडीच्या मागे अशी ओढ बसते की गुडघे आपोआप वाकतात. शाळेत सूर्यनमस्कारात तळवे टेकायचे, ते कधी बंद झालं कळलंच नाही.

दोन महिन्यांपूर्वी घराजवळच्या एका जिममध्ये ट्रेनर म्हणाला तुमचे हॅमस्ट्रिंग (मांडीमागचे स्नायू) आखूड झालेत, जोर लावल्याशिवाय खुलणार नाहीत, आणि मी पाय पसरून बसलेलो असताना पाठीवर रेलून दाबलं. मांडीत मागे कट्कन झालं. तीन आठवडे जिना उतरताना कठडा धरत होतो, दादरच्या ब्रिजवर तर लोक मागून ढकलत असायचे आणि मला पाय पुढे टाकवत नव्हता.

आता खरा प्रश्न. माझा मावसभाऊ ऑपरेशन थिएटरमध्ये टेक्निशियन आहे. तो सहज बोलून गेला की पेशंटला भूल चढली की अगदी ताठ माणसाचा पायसुद्धा एरवीपेक्षा बराच वर जातो. तेव्हापासून डोक्यात हेच आहे, स्नायू खरंच आखूड झाला असेल तर भूल दिल्याने तो लांब कसा होईल? म्हणजे अडवतंय कोण? कोणाला नीट माहीत असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

गिरगावकरीण

चांगला विषय काढलात. माझी मुलगी १२ वर्षांची आहे, भरतनाट्यम शिकते, तिच्या क्लासमध्येपण हेच चालतं, स्प्लिट जमत नाही म्हणून दोन मोठ्या मुली खांद्यावर हात ठेवून दाबतात आणि ही रडते. बाई म्हणतात रडल्याशिवाय अंग मोकळं होत नाही. मला ते बघवत नाही पण आपल्याला त्यातलं कळत नाही म्हणून गप्प बसते. मीपण वाचतेय.

खांबावरचा

मी गेली वीसेक वर्षं मल्लखांब शिकवतोय. आमच्याकडे लहान मुलं दोन-तीन महिन्यांत इतकी लवचिक होतात की आईवडील चाट पडतात. दोन-तीन महिन्यांत काही कोणाचा स्नायू वीतभर वाढत नाही, हे इतकी मुलं बघून माझं पक्कं मत झालंय. भीती जाते. खांबावर उलटं लटकायची सवय झाली की शरीर घट्ट धरून ठेवणं सोडतं. आमचे जुने शिक्षक म्हणायचे अंगाला विश्वास बसला पाहिजे. शास्त्र विचाराल तर कोर्समध्ये आम्हाला असं शिकवलं होतं की स्ट्रेच ३० सेकंद धरला की गॉल्जी नावाचं रिसेप्टर चालू होतं आणि स्नायूला सुटायचा हुकूम देतं. फिजिओवाल्यांनी सांगावं.

फिजिओताई_परळ

चौथी_सीट दादा, मावसभावाने तुम्हाला नेमक्या जागी नेऊन सोडलंय. मी न्यूरो फिजिओथेरपी करते, याच विषयात रोज हात असतो, म्हणून जरा लांबण लावते, वाचायला वेळ काढा.

आधी स्नायूच्या आत काय बसवलंय ते बघू. मांसतंतूंच्या मधोमध, त्यांना समांतर, काही मिलिमीटर लांबीचे बारीक सेन्सर असतात. आकार सूत कातायच्या चातीसारखा, मधे फुगीर आणि टोकांना निमुळता, म्हणून नाव मसल स्पिंडल, म्हणजे चातीच. स्नायू किती लांब झाला आणि किती वेगाने लांब होतोय या दोन्ही गोष्टी ही चाती मज्जारज्जूला कळवत असते. वेग जास्त असला की ती जास्त जोरात ओरडते. डॉक्टर गुडघ्याच्या वाटीखाली रबरी हातोडी मारतात आणि पाय उडतो ना, तो तिचाच प्रताप. हातोडीने मांडीचा पुढचा स्नायू एकदम किंचित ताणला जातो, चातीचा निरोप कण्यात जातो, तिथे दोन चेतापेशींमधला फक्त एक जोड (सिनॅप्स) ओलांडून थेट त्याच स्नायूच्या चेतापेशीला मिळतो आणि स्नायू आवळायला लागतो. हे सगळं जेमतेम २० ते ३० मिलिसेकंदांत. मेंदूला कळेपर्यंत काम झालेलं असतं. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ मध्ये या स्ट्रेच रिफ्लेक्सवर लिहिलं, आणि शेरिंग्टन यांना पुढे १९३२ चं नोबेल मिळालं, एड्रियन यांच्याबरोबर विभागून.

पण मेंदूचा यात काहीच हात नाही असं समजू नका. चातीला स्वतःच्या वेगळ्या बारीक नसा असतात, गॅमा मोटर न्यूरॉन म्हणतात त्यांना, त्या तिची संवेदनशीलता कमीजास्त करतात, रेडिओचा आवाज वाढवावा तशी, आणि वरून मेंदू कण्यातल्या पेशींची तयारीही बदलत असतो. पेशंटचा गुडघा उडत नसेल तर आम्ही त्याला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगतो, आणि तेवढ्याने तोच पाय उडायला लागतो. येंड्रासिक नावाच्या हंगेरियन डॉक्टरांची ही एकोणिसाव्या शतकातली युक्ती, आजही ओपीडीत रोज वापरतो. हात आवळलेत आणि परिणाम पायावर दिसतोय, म्हणजे दात-मुठी आवळून स्ट्रेच करणारा माणूस स्वतःलाच अडवत असतो.

आता तुमच्या पाठीवर कोणी रेललं तेव्हा काय झालं असेल ते सांगते. वजन अचानक आलं, चातीने बोंब मारली, हॅमस्ट्रिंग आवळला, आणि वरून दाब चालूच. आवळलेला स्नायू जबरदस्तीने लांब केला की तंतू फाटतात. ट्रेनरला वाटलं आपण ताणतोय, प्रत्यक्षात तो तुमच्या स्नायूशी कुस्ती खेळत होता.

धावती_मी

ताई, मग हळूहळू ताणलं तर चाती गप्प बसते ना? मग तिथे कोण अडवतं? मी तर मिनिटभर एकदम सावकाश करते तरी एका जागी येऊन थांबतेच.

फिजिओताई_परळ

हाच प्रश्न हवा होता. स्नायूवर इलेक्ट्रोड लावून मोजलंय, माणूस सैल बसलेला असताना पाय सावकाश ताणला तर स्नायू जवळजवळ शांतच असतो, आवळत वगैरे नाही. तरी माणूस एका टप्प्यावर बस बस म्हणतो. तो टप्पा ठरतो ओढ किती सहन होते यावर, म्हणजे संवेदनेवर. काही आठवडे स्ट्रेचिंग करून घेतलं, मग पुन्हा मोजलं, तर बहुतेक प्रयोगांत असं दिसलं की स्नायूचा ताठरपणा फारसा बदललेला नसतो, पण माणूस पूर्वीपेक्षा जास्त ओढ सोसतो म्हणून पाय जास्त वर जातो. मॅग्नुसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात हे दाखवलं, आणि २०१० मध्ये वेप्लर आणि मॅग्नुसन यांनी लांबी वाढते की संवेदना बदलते हा प्रश्न सरळच मांडला. मी कॉलेजमध्ये होते तेव्हा आम्हाला सरसकट शॉर्टनिंग, म्हणजे स्नायू आखूड झालाय, असंच शिकवलं जायचं, मला स्वतःला हे पचवायला वेळ लागला.

मात्र स्नायूची लांबी कधीच बदलत नाही असं नाही हं. मांजरांचा पाय स्नायू ताणलेल्या स्थितीत कित्येक दिवस प्लास्टरमध्ये ठेवला तर तंतूंच्या साखळीत नवीन कड्या जोडल्या जातात, आखूड ठेवला तर कमी होतात, हे जुन्या प्रयोगांतून माहीत आहे. माणसाचाही पाय महिनाभर प्लास्टरमध्ये असेल तर खरा ताठरपणा येतो. पण रोज ऑफिसला जाणाऱ्या, चालत्याफिरत्या माणसाची गोष्ट वेगळी.

खांबावरचा सर, गॉल्जीचं जरा वेगळं आहे. कॅमिलो गॉल्जी यांच्या नावाचे हे सेन्सर स्नायू आणि कंडरा जिथे जुळतात तिथे असतात, आणि ते ताकद मोजतात. स्नायू स्वतः आवळत असताना ते जास्त बोलतात, नुसतं ताणल्यावर त्यामानाने कमी. त्यांच्यामुळे जे सैल पडणं होतं तेही आवळणं थांबल्यावर लगेच ओसरतं. त्यामुळे ३० सेकंद झाले की गॉल्जी कुलूप उघडतो ही गोष्ट पुस्तकांत अजून सापडते पण तशी टिकत नाही. ३० सेकंद धरण्याचा उपयोग आहे, फक्त कारण ते नाही. तुमच्या जुन्या शिक्षकांचं विश्वासाचं वाक्य मला जास्त बरोबर वाटतं.

खांबावरचा

मान्य. वीस वर्षं मुलांना गॉल्जीचं सांगत आलो, उद्यापासून बंद. पण मग स्नायू आधी आवळून नंतर सोडला की दोन इंच जास्त जातो हे तर मी डोळ्यांनी बघतो, ते का?

फिजिओताई_परळ

जातो, नक्की जातो. ही पद्धत पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन) म्हणून ओळखली जाते, १९४० च्या दशकात हर्मन काबट नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी सुरू केली, मार्गारेट नॉट आणि डोरोथी व्हॉस या दोन फिजिओंनी ती पुढे नेली. मूळ पेशंट पोलिओ आणि तशा अधूपणाचे. योगायोग बघा, आपल्याकडे केईएममध्ये १९५३ साली फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं त्यामागेही मुंबईतली पोलिओची साथच होती. तेव्हा काबट यांनी कारण दिलं ते शेरिंग्टनच्या रिफ्लेक्सचं. आज वाटतं की आवळताना माणसाला त्या टोकाच्या स्थितीत आपल्या ताब्यात ताकद आहे असा अनुभव मिळतो आणि ओढ धोक्याची वाटेनाशी होते. पूर्ण उलगडा झालाय असं नाही, पद्धत मात्र चालते.

चौथी_सीट

ताई, पहिल्यांदा कोणीतरी मला समजेल असं सांगितलं. भूल दिल्यावर पाय वर जातो तो यामुळेच ना, सोसायला कोणी जागंच नसतं? मग भूल दिली की सगळ्यांचंच सगळं सुटतं का?

फिजिओताई_परळ

हो, त्यामुळेच. आणि नाही, सगळं सुटत नाही. फ्रोझन शोल्डर असेल तर सांध्याची पिशवीच आकसलेली असते, भूल दिल्यावरही खांदा अडतो. हाडाला हाड लागत असेल तर तिथे मेंदूच्या परवानगीचा प्रश्नच नाही. गिरगावकरीण ताई, तुमच्या मुलीसाठी हे महत्त्वाचं आहे. कंबरेच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोळा आणि खोबण प्रत्येकाची वेगळी असते, काही मुलींचं अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धवट बसायच्या स्थितीत) गुडघ्यांचं तोंड सहज बाहेर वळतं, काहींचं हाडामुळेच वळत नाही आणि मग त्या गुडघ्यातून आणि पावलातून वळवून भरपाई करतात. दाबणं थांबवायला सांगा, स्पष्ट सांगा. मुलीला म्हणावं अंगठा मनगटाकडे वाकवून बघ, हाताला टेकतो का, कोपर आणि गुडघा उलट बाजूला जातो का. तसं असेल तर सांधे मुळातच सैल आहेत, तिला ताणायची नाही, ताकद वाढवायची गरज आहे. रडणारं मूल धोक्याचा निरोप पाठवत असतं, आणि पुढच्या वेळी त्याचं अंग आधीच आवळून तयार राहतं.

गिरगावकरीण

अंगठा टेकतो! कोपरपण जातं उलट. मी उद्याच क्लासमध्ये जाऊन बोलते. इतके दिवस बोलले नाही याचं वाईट वाटतंय.

बाबांची_लेक

मला विचारायचं होतं, धाग्याशी जुळेल का माहीत नाही. माझ्या वडिलांना गेल्या वर्षी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली. आता हात कोपरात वाकलेला आणि मूठ घट्ट मिटलेली असते. आंघोळ घालताना पटकन हात सरळ करायला गेलं की अजून घट्ट होतो, आणि आई म्हणते मुद्दाम करतात. पावलावर सॉक्स चढवताना पाय थडथडायला लागतो. हे सगळं त्या चातीचंच आहे का?

फिजिओताई_परळ

अगदी जुळतं. आणि पहिलं म्हणजे आईला सांगा, ते मुद्दाम करत नाहीयेत, त्यांच्या हातात नाही ते.

मेंदू एरवी कण्यातल्या त्या रिफ्लेक्सवर लगाम ठेवून असतो. झटक्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या वाटा तुटल्या की लगाम जातो आणि चातीचा प्रत्येक निरोप मोठा होऊन स्नायूपर्यंत पोचतो. म्हणूनच वेगात हालवलं की आवळतं, सावकाश हालवलं की बऱ्यापैकी सुटतं. वेगावर अवलंबून असणं ही स्पास्टिसिटीची, म्हणजे या प्रकारच्या ताठरपणाची, ओळखच आहे. पायाचं थडथडणं म्हणजे क्लोनस, एक रिफ्लेक्स दुसऱ्याला जागं करतो, तो तिसऱ्याला.

मूठ उघडताना बोटं ओढू नका, आधी मनगट खाली वाकवा, मग बोटं सैल पडतात, मग अंगठा बुडापाशी धरून बाहेर काढा, आणि मग सावकाश मनगट वर. आंघोळीच्या वेळी कोमट पाणी आधी हातावर सोडा, घाई नको. उठवताना त्या हाताला धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निसटतो. आणि एखाद दिवशी अचानक नेहमीपेक्षा जास्त ताठ झाले तर लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, पाठीला जखम, असं काही आहे का ते बघायचं, शरीरातला त्रास स्पास्टिसिटीतून बोलतो.

एक गोष्ट खरी खरी सांगते कारण घरचे लोक स्ट्रेचिंगवर फार आस लावून बसतात. कॉक्रेन (वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणारी संस्था) यांचा २०१७ चा मोठा आढावा आहे, त्यात न्यूरोच्या पेशंटमध्ये नुसत्या स्ट्रेचिंगने सांध्याची हालचाल लक्षणीय वाढत नाही असं दिसलं, निदान सात महिन्यांच्या आतल्या उपचारांत. म्हणून हात स्वच्छ राहावा, कपडे घालता यावेत, दुखू नये यासाठी रोज हलवा, पण वेळ जास्तीत जास्त त्यांच्याकडून जी काही थोडी हालचाल होते ती करून घेण्यात घाला. स्नायू सैल करणाऱ्या औषधांबद्दल, म्हणजे बॅक्लोफेन किंवा बोटुलिनमचं इंजेक्शन, न्यूरॉलॉजिस्टशी बोला, काहींना चांगला फरक पडतो.

बाबांची_लेक

ताई, मनगट आधी वाकवायचं हे वर्षभरात मला कोणीच सांगितलं नव्हतं. आत्ता करून बघितलं. मूठ उघडली. नखं कापली त्यांची.

धावती_मी

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं.

माझा साधा प्रश्न, जानेवारीत हाफ मॅरेथॉन आहे, पळायच्या आधी उभं राहून सगळे पाय धरून दोन-दोन मिनिटं ताणत असतात, करावं की नाही?

फिजिओताई_परळ

एका स्नायूला ६० सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवलं तर थोड्या वेळापुरती ताकद कमी होते, टक्केवारी लहान आहे पण होते, आणि त्यात कण्याकडून स्नायूला जाणारा हुकूम मंदावण्याचाही भाग आहे. पळण्याआधी चालणं, हळू जॉगिंग, पाय पुढेमागे झुलवणं. लांब धरायचे स्ट्रेच संध्याकाळी घरी करा.

चौथी_सीट

आणि माझं काय करू ताई? मला वाकताना गुडघ्याच्या मागे कधीकधी झिणझिण्यापण येतात.

फिजिओताई_परळ

मग आधी एक तपासणी करा. खुर्चीच्या कडेला बसा, पाठीला थोडा पोक काढून हनुवटी छातीला लावा, आणि एक पाय हळूहळू सरळ करा, मागे ओढ लागली की तिथेच थांबा. आता पाय तसाच ठेवून फक्त मान वर करा. ओढ कमी झाली? हॅमस्ट्रिंग मानेपर्यंत जात नाही, पण कण्यातल्या नसा आणि त्यांचं वेष्टण मेंदूपासून पावलापर्यंत सलग आहे. मान उचलल्यावर कमी होत असेल तर ओढीत नसेचा वाटा आहे, आणि नसेला धरून ताणत बसायचं नसतं, ती चिडते. पाय सरळ करताना मान वर, पाय वाकवताना मान खाली, असं दहाबारा वेळा हलकेच सरकवायचं. झिणझिण्या पावलापर्यंत उतरत असतील, बधिरपणा असेल तर मात्र आधी तपासून घ्या, धाग्यावर विसंबू नका.

नस ठीक असेल तर उताणे झोपा, पावलात ओढणी किंवा पट्टा अडकवून पाय वर घ्या, जिथे ओढ जाणवते पण श्वास अडत नाही तिथे थांबा. टाच पट्ट्यावर खाली दाबा ५-६ सेकंद, पूर्ण जोर नको. सोडा, लांब श्वास सोडा, पाय येईल तेवढा वर येऊ द्या, २०-३० सेकंद राहा. तीनचार वेळा, आठवड्यातून किमान तीन दिवस. चेहरा आवळला की तुम्ही पुढे गेलात, मागे या.

आणि ताकद. दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन, पाठ सरळ, कंबरेतून सावकाश वाकत जायचं, तीनचार मोजत. पूर्ण टप्प्यात केलेल्या वजनाच्या व्यायामाने स्ट्रेचिंगइतकीच लवचिकता येते असं २०२१ च्या आढाव्यात आलंय. तुमची जुनी दुखापत बघता हे दुसऱ्या महिन्यात सुरू करा.

खांबावरचा

चौथी_सीट, अजून एक माझ्याकडून. रात्री जेवायला खाली बसा, भाजी निवडायला उकिडवे बसा. आमच्याकडची मुलं वेगळं काही करत नाहीत, दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठतात.

चौथी_सीट

नऊ आठवडे झाले, अपडेट द्यायचा होता. मान उचलल्यावर ओढ कमी होत होती, म्हणजे नस होती. पहिले तीन आठवडे फक्त ते सरकवणंच केलं, झिणझिण्या गेल्या. मग पट्टा. आता बोटांची टोकं पावलाच्या वरच्या बाजूला लागतात, जमीन अजून चार बोटं लांब आहे. पण सांगायचं कारण वेगळंच आहे, परवा बोरिवली फास्टमध्ये मोबाइल पावलावर पडला, गर्दीत पटकन वाकून उचलला, आणि उचलल्यावर लक्षात आलं की गुडघे वाकवले नव्हते.

बाबांची_लेक

छान वाटलं वाचून. बाबा आता चमचा धरतात, हँडलला जाड फडकं गुंडाळून दिलंय.